टेस्टिंगचं गाणं

झांज सगळ्यात आधी गेली.

मग गाण्याच्या मधल्या भागात कुणीतरी खुळखुळ्यासारखं काही वाजवतं, ते गेलं. गिटारीच्या तारेवरून बोट सरकताना चिमणी चिवकल्यागत आवाज यायचा, तो गेला. आणि यंदा दिवाळीच्या आसपास कधीतरी शेवटची घंटी गेली. गाणं सरता सरता ती तीनदा वाजायची. टिंग. जरा थांबून टिंग. मग, सासरी निघालेल्या पोरीनं वेशीपाशी वळून बघावं इतकं थांबून, तिसरी टिंग.

पंगत उठल्यावर माणसं मांडव सोडतात, तसे हे आवाज अण्णारावच्या कानांतून उठून गेले. एकानंही येतो म्हणून सांगितलं नाही.

आधी त्यानं दोष कॅसेटला दिला. चाळीस वर्षांची कॅसेट, घासली असंल. मग शिवांजलीनं, त्याच्या एकुलत्या एक लेकीनं, तेच गाणं मोबाईलवर घालून दिलं. तिथंही झांज नाही. मोबाईल हलका असंल. मग त्याला भोंग्यांचा संशय आला. बार्शीला जाऊन चारही भोंग्यांची युनिटं बदलून आणली. जुनी युनिटं धडधाकट होती, हे हात लावताच त्याला कळलं होतं. तरी बदलली. मशीनवरचं ट्रेबलचं बटण तो आता शेवटपर्यंत पिळून ठेवायचा, की बारीक आवाज जरा तरी वर यावेत. पण घटकाभरानं बघावं तर बटण आपोआप मागं आलेलं. सैल झालं म्हणून त्यानं बटणही नवं बसवलं. तेही मागं यायचं.

ईट गावात आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांत अण्णाराव म्हणजे भोंगेवाला. पाच एकर कोरडवाहू रान आणि हे एक मशीन. लग्न असो, बारसं असो, सप्ताह असो, त्यानं भोंगे लिंबाला बांधायचे, वायरी ओढायच्या आणि मशीन लावून पहिलं एकच गाणं वाजवायचं. आधी एकटी गिटार, दबकत, चोरपावलानं. मग तिच्या मागं दुसरी, जाडजूड आवाजाची. मग ढोल असा यायचा, की दावं तोडलेलं खोंड गल्लीत शिरलं. आणि गाणारा श्वास घेतो तिथं, बरोबर बाविसाव्या सेकंदाला, अण्णाराव गाणं तोडायचा आणि माईकात म्हणायचा, "हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग."

चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. गावाला त्याची सवय झाली होती. गिटार वाजली की बायका तव्यावरची शेवटची भाकरी उतरवून लुगडी बदलायला जायच्या. गाणं तुटून 'हॅलो' आलं की दाराला कड्या लागायच्या आणि माणसं मांडवाकडं निघायची. त्याआधी कुणी यायचं नाही. मशीनच बसलं नाही तर रिकाम्या मांडवात जाऊन करायचं काय? खव्याच्या भट्टीवरची माणसं कढईत उलथनं फिरवताना ती बावीस सेकंद गुणगुणायची. ह्या गाण्याला पुढं काही आहे, हे मात्र गावात कुणाला ठाऊक नव्हतं. टेस्टिंगचं गाणं ते, टेस्टिंगपुरतंच असायचं.

पुढं सात मिनिटं होती. त्या सात मिनिटांत अण्णारावचा जीव होता.

अठरा वर्षांचा असताना तो सोलापुरात रेडिओ दुरुस्ती शिकायला होता. कुणा गिऱ्हाइकानं बिघडलेला टेप ठेवला आणि तो परत न्यायला आलाच नाही. टेपात कॅसेट अडकलेली. अण्णारावनं ती पेन्सिलीनं गुंडाळून सरळ केली, लावून बघितली आणि दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. 'कॉपर मेडो' म्हणून इंग्लंडातल्या चार जणांचा बँड होता तो. कव्हरावर चौघांचा फोटो, केस खांद्याखाली, डोळे गुंगल्यासारखे. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पण ते ऐकताना आपल्या रानातल्या विहिरीत उतरल्यासारखं, खाली गार आणि वर वाटोळं आभाळ दिसल्यासारखं वाटलं, एवढं तो कुणी विचारलं तर सांगायचा. कुणी विचारायचं नाही.

पुढं त्यानं त्यांच्या सातही कॅसेटा जमवल्या. कव्हरावरच्या पत्त्यावर मराठीतून पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. ढोलवाला वारल्याचं त्याला दोन वर्षांनी शिळ्या पेपरात कळलं, त्या दिवशी तो जेवला नाही. लग्न होऊन विठाबाई घरात आली तेव्हा तिनं भिंतीवरचा फोटो बघून विचारलं, "हे कोण? गोसावी हैत व्हय?" तेव्हापासून ते 'तुमचे चार गोसावी' झाले. विठाबाईचा गळा गोड, जात्यावर बसली की घरावरून जाणारं माणूस थांबायचं. तिनं त्याच्यावरच ओवी रचली होती.

*भोंगा टांगिला लिंबाला, बाई घुमतो रानोरानी*
*कंथ माझा नादावला, चार गोसाव्यांच्या गाण्यानी*

नव्या नवरीच्या पहिल्या वर्षात तिनं एकदा त्याला म्हटलं होतं, "दर लग्नाला त्या गाण्याचा गळा दाबताय. एकदा तरी पुरतं वाजू द्या की."

"लोकांच्या मांडवात कोण वाजू दील? इंग्रजी बंद करा म्हणत्याल."

"मंग आपल्या मांडवात वाजवा."

"व्हय," तो म्हणाला होता. "आपल्या पोराबाळाच्या लग्नात. मोकळ्या आभाळाखाली, चारी भोंग्यांवर, पुरतं."

आता ते लग्न आलं होतं. मार्गशीर्षातली तिथी, मुलगा जळकोटचा, दिग्विजय त्याचं नाव. आणि अण्णारावच्या कानातून गाणं चाललं होतं.

दिवाळीनंतर एकदा, युनिट आणायला जातो म्हणून सांगून, तो एसटीनं धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडं गेला. त्यांनी त्याला एका बारक्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. तो ऐकत बसला. शांतता लांबायला लागली तशी त्याला लाज वाटायला लागली आणि त्यानं अंदाजानं बटण दाबायला सुरुवात केली.

बाहेर आल्यावर डॉक्टर कागदाकडं बघत हसले. "काका, मी आवाज सोडलाच नव्हता तेव्हाही तुम्ही चार वेळा बटण दाबलंत."

अण्णाराव खाली बघत म्हणाला, "वाटलं, असंल."

"मशीन लावलं कानाला तर माणसांचं बोलणं बरंच सुधारेल. पण वरचे बारीक आवाज गेलेत, ते गेले. आणि हळूहळू पुढचेही जातील. भोंग्याजवळ बसणं सोडा."

"बोलणं राहू द्या सायेब. बोलणं तोंडाकडं बघून बी कळतं. घंटी परत येईल का?"

"कसली घंटी?"

अण्णारावनं तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन बियाण्याच्या डब्यात, तळाशी ठेवला.

त्याच्याआधी जे झालं होतं, त्याचा अर्थ त्याला त्या परतीच्या एसटीत लागला. उन्हाळ्यात पाथरूडच्या एका लग्नात तो मशीनवर बसला होता आणि मांडवातली माणसं त्याच्याकडं बघून हात हलवत होती. दोन्ही हात वर करून, उठून उभं राहून. एवढी माणसं ओळखतात आपल्याला, म्हणून तो सुखावला होता. त्यानंही हात हलवला होता, हसून, चांगला दोन-तीनदा. तेवढ्यात विठाबाई तांब्या घेऊन आली, "पाणी घ्या" म्हणाली आणि मग लोक खाली बसले.

माईक शिट्टी मारत होता. आता त्याला कळलं. कान फाटतील अशी शिट्टी सुरू होती आणि शिट्टी पकडणं हेच ज्याचं काम, तो हसत हात हलवत होता. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून तो बसला, ईटचा फाटा आला तरी उठेना. कंडक्टरनं हाक मारली, तीही दुसऱ्यांदा मारली तेव्हा ऐकू आली.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा थोरले भाऊ कोंडीराम ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या पोरानं, कुलदीपनं, दोन वर्षांखाली डीजे घेतला होता.

"अण्णा, मशीनचं कुलदीपला बघू दे," कोंडीराम म्हणाले. "पोरीचा बाप मशीनवर बसतो व्हय? पाव्हणे हसत्याल."

"जोडणी म्या करतो," अण्णाराव म्हणाला. "माझ्या लेकीचं लग्न, माझं मशीन."

"आन् पाथरूडसारखं झालं म्हंजे?"

अण्णारावनं चहाची कपबशी खाली ठेवली. म्हणजे भावाला माहीत होतं. म्हणजे गावाला माहीत होतं. विठाबाई आतून म्हणाली, "भावजी, पाथरूडला वायर लूज होती. म्या सोता बघितली." तिनं आयुष्यात कधी वायरीला हात लावला नव्हता.

शेवटी ठरलं ते असं. जोडणी आणि टेस्टिंग अण्णारावचं. साडेअकराला मशीन कुलदीपच्या ताब्यात. मुहूर्त बारा पस्तीसचा. "आन् इंग्रजी बिंग्रजी कायबी न्हाय," कोंडीराम उठता उठता म्हणाले. "जळकोटची माणसं नेमाची हैत."

म्हणजे त्याच्या हातात टेस्टिंगची वेळ तेवढी उरली होती.

हळदीच्या दिवशी रात्रभर त्याला झोप आली नाही. मोबाईल उशाशी घेऊन तो गाणं कानाला लावून ऐकत राहिला. झांज नव्हती. गाणाऱ्याचा आवाज होता, पण भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. उद्यापर्यंत हाही गेला तर? डॉक्टर हळूहळू म्हणाले होते, पण हळूहळू म्हणजे किती दिवस, हे विचारायचं राहून गेलं होतं. चारी भोंग्यांवर तरी येईल का काही? की सगळ्या गावादेखत गाणं लावायचं आणि आपल्यालाच ते ऐकू यायचं नाही?

सकाळी त्यानं चारही भोंगे स्वतः बांधले, दोन लिंबाला, दोन मांडवाच्या पुढच्या बल्ल्यांना. वायरीची गाठ दोनदा सुटली. अकरा वाजले. सव्वाअकरा. वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. कुलदीप चष्मा डोक्यावर चढवून मांडवात येऊन उभा राहिला.

"काका, झालं का? माझी पोरं मोकळीच हैत."

"टेस्टिंग करतो आन् देतो."

मधेच कुणाचा फोन येऊन गाणं तुटू नये म्हणून त्यानं शिवांजलीनं शिकवलं होतं तसं मोबाईलवरचं विमानाचं चित्र दाबलं. वायर लावली. ट्रेबल शेवटपर्यंत पिळलं. खिशातल्या कॅसेटच्या रिकाम्या डबीवर एकदा हात ठेवला आणि गाणं सोडलं.

एकटी गिटार दबकत निघाली. आली. ऐकू आली. मग जाडी गिटार, ती तर छातीतच वाजली. मग ढोल, दावं तोडून. अण्णारावचे ओठ हलत होते, तो सेकंद मोजत होता. वीस. एकवीस. बावीस. हात सवयीनं बटणाकडं गेला. दुसऱ्या हातानं त्यानं तो मनगटाला धरून मांडीवर दाबून ठेवला.

गाणारा गायला लागला.

कुलदीपनं चष्मा खाली ओढला. "काका, ह्याला म्होरं बी हाय व्हय?"

आवाज लिंबावरून, पत्र्यांवरून, पोटऱ्यात आलेल्या ज्वारीवरून लांब जात होता आणि तिकडून परत येत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मोकळा सुटला होता. पण त्यात भोकं होती. इथं झांज असायला पाहिजे होती, इथं खुळखुळा. रिकामी जागा आली की तो डोळे मिटून ती आठवणीनं भरत होता आणि भरता भरता पुढचा सूर निसटत होता.

तीन मिनिटं झाली तेव्हा कोंडीराम धोतराचा सोगा सावरत धापा टाकत आले.

"अण्णा! बंद कर ते! गावात कुणी घर सोडंना. म्या गल्लीनं आलो, सगळी नटून सजून उंबऱ्यावर बसल्यात. म्हणत्यात, अण्णारावचं मशीन बसंना वाटतं, अजून टेस्टिंगच चाललंय!"

अण्णारावनं डोळे उघडले. मांडव खरंच रिकामा होता. दोनशे खुर्च्या ओळीनं, एकही माणूस नाही. शाळेकडूनही वऱ्हाड निघालं नव्हतं; गावच निघालं नाही म्हटल्यावर पाहुणे कसे निघतील? घड्याळात अकरा चोवीस. मुहूर्त चुकला तर? जळकोटची नेमाची माणसं उठून गेली तर? लेकीच्या आयुष्याला आपण चार गोसाव्यांपायी डाग लावतोय का?

"कुलदीप, खेच ती वायर," कोंडीराम म्हणाले.

कुलदीप पुढं झाला. तेवढ्यात घरातून विठाबाई आली. नवं हिरवं लुगडं, हातात अक्षतांचं ताट, आणि घाईत पदर कमरेला खोचलेला. ती मशीनच्या आणि पुतण्याच्या मधे येऊन उभी राहिली.

"हात लावू नको रं बाबा."

"काकू, मुहूर्त..."

"बारा पस्तीसला हाय. मला घड्याळ कळतं. अजून चार मिंटं हैत ह्या गाण्याची. त्या चार मिंटात कुणाचं लगीन मोडत न्हाय."

"तुला काय ठावं, किती मिंटं हैत?" कोंडीराम तडकले.

"भावजी, पस्तीस वरीस ह्या गाण्यावर भाकरी थापल्यात म्या."

मग ती नवऱ्याकडं वळली. त्याच्या तोंडासमोर, त्याला ओठ दिसतील असं उभं राहून म्हणाली, "आता गोसाव्याची पोर झोपायची जागा आली. डोळं मिटा." तिथं मधे गिटार हळू होते, अंगाई म्हटल्यासारखी. तिनं स्वतःपुरतं त्याला ते नाव दिलं होतं, आणि अण्णारावला पस्तीस वर्षांत पत्ता नव्हता. बोलता बोलता तिचा हात मागं गेला आणि तिनं ट्रेबलचं बटण, अगदी सवयीनं, जिथं असायला पाहिजे तिथं मागं फिरवलं.

त्यानं तो हात बघितला. तांब्या आठवला. पाथरूड, वालवड, भूम, दोन वर्षांतलं एकेक लग्न, जिथं ती 'जेवायला येते तुमच्यासंगं' म्हणून यायची आणि नेमकी वेळेला 'पाणी घ्या' म्हणायची. सैल झालेलं बटण. नवं बसवलेलं बटण.

"तुला ठावं हुतं," तो म्हणाला.

"बियाण्याचा डबा कोण भरतं घरात?" ती म्हणाली. "आता बोलू नका. ऐका."

तो ऐकू लागला. कोंडीराम एका खुर्चीवर बसले. मांडवात बसलेलं पहिलं माणूस तेच. कुलदीप एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा राहिला, मग त्याचं बोट नकळत मांडीवर ठेका धरायला लागलं. घराच्या खिडकीत मुंडावळ्या बांधलेली शिवांजली दिसली, गजांना धरून. अण्णारावनं तिच्याकडं बघितलं आणि तिची मान जिथं हलली तिथं खुळखुळा असणार, हे त्याला कळलं.

ढोल थांबला. जाडी गिटार मागं राहिली. पुन्हा एकटीच गिटार उरली, दबकत, आली होती तशी जायला निघालेली. मग तीही गेली. अण्णारावच्या कानात आता काहीच नव्हतं. इथून पुढं तीन घंट्या होत्या आणि त्या कुठं सुरू होतात, कुठं संपतात, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं. तो मान खाली घालून बसला.

छातीवर काहीतरी टपकन लागलं. तांदळाचा दाणा. हळदीकुंकवाचा, ओला. त्यानं वर बघितलं.

विठाबाई भोंग्याकडं कान लावून उभी होती, डोळे बारीक करून, ताटातल्या अक्षतांची चिमूट धरून. जरा थांबली. मग दुसरा दाणा टाकला, त्याच्या सदऱ्यावर.

मग ती बराच वेळ थांबली. इतका वेळ, की कोंडीराम काही बोलायला उठले आणि तिनं दुसरा हात वर करून त्यांना बसवलं. अण्णाराव तिच्या बोटांकडं बघत होता.

तिसरा दाणा पडला.

त्यानं तिन्ही दाणे उचलले, कॅसेटच्या डबीत ठेवले आणि डबी खिशात टाकली. मग माईक हातात घेतला.

"हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग."

गल्लीत कड्या वाजायला लागल्या. त्या त्याला ऐकू आल्या नाहीत, पण गल्लीच्या तोंडाशी पहिली लुगडी दिसली, मग पोरं, मग फेटे, सगळे लगबगीनं येत होते. कुणीतरी ओरडून विचारत होतं, "बसलं का अण्णाराव मशीन?"

"बसलं," तो म्हणाला आणि माईक कुलदीपच्या हातात दिला. "घे रं. मला शिट्टी ऐकू येत न्हाय. तू बघ."

हे तो साध्या आवाजात म्हणाला. पण माईक चालू होता आणि चारी भोंगे ते सगळ्या गावाला सांगून गेले.